लवू घाडीचं बायबल

लवू घाडीचं तेरावं आटोपलं आणि तीन दिवसांनी मरोळच्या कारखान्यातून त्याची पिशवी घरी आली. शिमगा नुकताच होऊन गेला होता. साल एकोणीसशे शहाऐंशी. असल्फ्याच्या टेकडीवर, घाटकोपरच्या पश्चिमेला, त्यांची दहा बाय बाराची खोली. वनमालेनं पिशवी दारातच रिकामी केली. मफलर, बॅटरी, शिट्टी, जेवणाचा डबा, तंबाखूची डबी. तळाशी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक. गेटवरचं रजिस्टर चुकून आलं असेल म्हणून तिनं कव्हर सोडवलं, तर आत काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. अर्धी उडालेली, तरी वाचता येत होती. बायबल. मराठीतलं.

वनमाला उंबऱ्यावरच बसून पानं उलटायला लागली.

लवूच्या चौथी शिकलेल्या हातात तिनं एकवीस वर्षांत पुस्तक पाहिलं नव्हतं. गिरणीत होता तेव्हा तो युनियनची पत्रकं वाचायचा, तीही दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली ती गेलीच. मग मरोळला वॉचमनची नोकरी मिळाली. अडीच वर्षं त्यानं दिवसपाळी केली, आणि एका दुपारी स्टुलावर बसल्या बसल्याच गेला. छातीत कळ आली म्हणे. कोणाला हाकही मारली नाही. हे एवढंच तिला ठाऊक होतं. या अडीच वर्षांत तो बायबल वाचत होता हे तिला ठाऊक नव्हतं.

आणि वाचत होता म्हणजे नुसता चाळत नव्हता. पुस्तकाच्या मधल्या भागात ठिकठिकाणी पेन्सिलीच्या रेघा होत्या. काही ओळींखाली एक रेघ, काही ओळींखाली दोन. आणि चार-पाच पानांवर समासात एकच शब्द लिहिलेला : 'का?' पुस्तकाचं पहिलं कोरं पान मात्र टरकावून काढलेलं होतं.

मुलगी, प्रेमा, अकरावीला होती. तिनं पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "बाबांचं अक्षर आहे हे?"

"एका अक्षरावरून काय सांगू? ह्यांचं अक्षर मी बघितलंय कधी? मनिऑर्डरच्या फॉर्मवर सहीपुरतं." वनमालेला रडू यायच्या ऐवजी रागच आला. "मला एका शब्दानं बोलले नाहीत गं. एवढे 'का' विचारून ठेवलेत, ते मला विचारायचे ना."

दुसऱ्या दिवशी दीर आला. धोंडू विक्रोळीला राहायचा, लवूपेक्षा चार वर्षांनी लहान, आणि गावच्या देवळाच्या मानपानात अगदी काटेकोर. फळीवर ठेवलेलं पुस्तक बघून त्याचा चेहराच उतरला.

"वयनी, ह्यां काय?"

"तुझ्या भावाचा. पिशवीत गावला."

"दादान धर्म बदल्ल्यान काय?"

"माका काय म्हायत?"

"तसा नसात तर बरा," धोंडू आवाज खाली आणून म्हणाला. "गावात कळला तर गणपतीक घरात कोण पाऊल ठेवूचा नाय. तेराव्याचा जेवण जेवलेले लोक काय म्हणतले? ह्यां आधी भायर काढ. खय तरी चर्चमध्ये नेऊन दी."

"देतंय," वनमाला म्हणाली. "पण आधी वाचतंय. काय होता ह्यात ता माका कळाक होया."

जाताना धोंडू म्हणाला की चतुर्थीला गावाला जायच्या आधी मला उत्तर पाहिजे. हो की नाही, एकच काय ते.

वनमाला सातवीपर्यंत शिकलेली. घाटकोपर पूर्वेला दोन घरी सकाळच्या पोळ्या करायची, दुपारी मोकळी असायची. धर्माचं पुस्तक म्हणजे पोथी, आणि पोथी कशी वाचतात हे तिला लहानपणापासून पाठ होतं. आंघोळ करून, पाटावर बसून, पहिल्या अध्यायाच्या पहिल्या ओळीपासून. मधलं गाळायचं नाही, पुढचं आधी वाचायचं नाही, सुरू केलं की संपवायचं. रेघा मधल्या पानांवर होत्या हे तिला दिसत होतं. पण सरळ तिथे जाणं तिला चोरासारखं वाटलं. क्रमानं गेलं की आपण ह्यांच्या रेघांपाशी आपोआप पोचू, असा तिचा हिशेब. चैत्रातल्या एका सोमवारी दुपारी तिनं पाट मांडला.

पहिले काही दिवस बरे गेले. जग निर्माण झालं, बाग झाली, बाई फसली आणि सगळा दोष बाईवर आला, हे तिला फारसं परकं वाटलं नाही. दोन भावांतला एक दुसऱ्याला शेतात मारतो तिथे तर तिला आपल्या वाडीतलं पाटाच्या पाण्यावरनं झालेलं भांडणच आठवलं. पण मग नावं सुरू झाली. अमक्याला तमका झाला, तो इतकी शे वर्षं जगला, त्याला मुलगे-मुली झाल्या, मग तो मेला. पुढच्याचं तेच. त्याच्या पुढच्याचं तेच. बोट ठेवून वाचताना तिचं बोट नावांवर अडखळायचं आणि तिला डुलकी लागायची.

"आई, सोड ना ती नावं," प्रेमा म्हणायची. "कॉलेजात आम्ही पण सगळं नाय वाचत. महत्त्वाचं तेवढं वाचतो."

"महत्त्वाचं कुठलं ते कोण सांगणार? तू?"

"मी कशाला सांगू? मला कुठे वाचायचंय?"

प्रलयाची गोष्ट आली तेव्हा वनमाला सरसावून बसली. म्हाताऱ्याच्या घरातल्या मोलकरणीला तिच्या पोरासकट वाळवंटात हाकलून दिलं, तेव्हा तिनं पुस्तक धाडकन मिटलं आणि चहा टाकला. पोळ्या करायला जायची त्या घरातल्या वसुधाताई शाळेत शिकवायच्या. त्यांना तिनं सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, बायबल ना? फार सुंदर साहित्य आहे ते. साहित्य म्हणून वाच." वनमालेनं मान डोलावली. साहित्य म्हणून वाचायचं म्हणजे कसं वाचायचं, पाटावर बसायचं की नाही, हे काही त्यांनी सांगितलं नाही. ताईंनी स्वतः वाचलंय का, असं विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण पोळी करपत होती.

वैशाख गेला, ज्येष्ठ आला. पुस्तकातली माणसं गुलामीतून सुटली, समुद्र ओलांडून वाळवंटात आली, आणि तिथून पुढे पुस्तकच वाळवंट झालं. तंबू किती हात लांब, किती हात रुंद. पडद्याला कड्या किती. बोकड कसा कापायचा, चरबी कुठली जाळायची, गुरदे कोणाचे. अंगावर पांढरा डाग उठला तर त्यातला केस काळा की पांढरा, हे पुजाऱ्यानं कसं तपासायचं.

"आमच्या देवळात कोंबड्याचा मान कोणाला, त्यावरनं होणारी भांडणं ऐकत मी मोठी झाले," ती शेजारच्या शकुला म्हणाली. "तेच परत वाचायला मी पाटावर बसते होय गं?"

शकु हसली. "मग कशाला बसतेस? तुला काय शिक्षा झालीय?"

शिक्षाच होती. रोज दुपारी पुस्तक उघडलं की तिचं डोकं दुखायला लागायचं. अक्षर बारीक, भाषा मराठीच पण कोर्टाच्या नोटिशीसारखी. चौथ्या भागात पुन्हा नावं आली, या वेळी नुसती नावं नाहीत तर शिरगणती. कुठल्या कुळात लढाईला जाण्याजोगे किती पुरुष. एका दुपारी ती तासभर एकाच पानावर बसून राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपण हे पान कालही वाचलं होतं आणि आज वाचताना आपल्याला ते आठवलंही नाही. तिनं पाट भिंतीला टेकवून उभा केला.

"गेलात तुम्ही तिकडे," ती भिंतीवरच्या लवूच्या फोटोला म्हणाली, "आणि मला लावलंत या कामाला."

त्या दिवशी तिनं नेम मोडला. सरळ रेघा असलेलं पान उघडलं. तो भाग ईयोब नावाच्या माणसाचा होता. चांगला माणूस, देवाला भिऊन वागणारा. त्याचं सगळं गेलं. गुरंढोरं, मुलं, शेवटी अंगाचं कातडंसुद्धा. मित्र येऊन त्यालाच शहाणपण शिकवतात, तूच काहीतरी पाप केलं असणार म्हणतात. तो ओरडतो, मी जन्मालाच कशाला आलो. तिथे दोन रेघा होत्या, आणि समासात तो शब्द. 'का?'

संप सुरू होऊन वर्ष झाल्यावर लवू असाच बसायचा, गुडघे पोटाशी घेऊन. नातेवाईक येऊन सांगायचे, युनियनच्या नादी लागलास ते चुकलं. तो काही बोलायचा नाही. म्हणजे आतून हे चाललं होतं तर. तिला त्याची कीव आली, आणि कीव येता येताच पुन्हा राग. माझ्याशी बोलला असता तर त्याची काय जीभ झडली असती? बोलला कोणाशी, तर एका पेन्सिलीशी.

त्यानंतर महिनाभर ती फक्त रेघा वाचत राहिली. मागचंपुढचं नाही, फक्त रेघा. त्यातून लवू जुळवायचा प्रयत्न केला. पण तो जुळेना. एका रेघेत मेलेल्या लेकराचा शोक होता. त्यांना प्रेमाशिवाय दुसरं मूल झालंच नव्हतं. दुसऱ्या रेघेत परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाचं दुःख. हे गावाकडचं म्हणावं, तर लवूला गावाची एवढी ओढ कधीच नव्हती, शिमग्यालासुद्धा तिनं ढकलल्याशिवाय जायचा नाही. जितकं वाचावं तितका नवरा अनोळखी होत गेला. तिला झोप लागेना, पोळ्या वातड व्हायला लागल्या, आणि श्रावण आला तरी धोंडूला द्यायला उत्तर नव्हतं.

शेवटी एका शनिवारी ती बस पकडून मरोळला गेली. पुस्तक पिशवीत घेतलं होतं.

कारखान्याच्या अलीकडे जुनं गावठाण होतं, कौलारू घरं आणि नाक्यावर चुन्यानं रंगवलेला क्रूस. क्रूसाच्या पायरीवर एक म्हातारी ख्रिस्ती बाई सुकं म्हावरं निवडत बसली होती, लुगडं नेसलेली, कानांत जड सोनं. वनमालेला वाटलं, हिला विचारावं, ही याच धर्मातली. तिनं पुस्तक काढून दाखवलं. हे वाचायला सुरुवात कुठून करायची, आजी?

म्हातारीनं पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला आणि परत दिलं. "आमी नाय वाचत बाय. फादर वाचतं, आमी आयकतांव."

"म्हणजे तुम्ही कधीच नाही वाचलं?"

"माला वाचता येते कई?" म्हातारी हसली. "तुला येते तं वाच की. माला काय इचारते?"

वनमाला तिथून निघाली तेव्हा तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. गेले पाच महिने तिनं ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाला पुस्तकाबद्दल काहीतरी ठाऊक होतं, फक्त वाचलं कोणीच नव्हतं.

कारखान्याच्या गेटवर लवूच्या जागी भाऊराव नावाचा वॉचमन होता, पन्नाशीचा, आधी कारखान्यात आत कामाला असलेला. लवूची बायको म्हटल्यावर त्यानं तिला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. पुस्तक बघून तो लगेच म्हणाला, "हे शिवदासचं. इथेच असायचं ड्रॉवरात."

"कोण शिवदास?"

"साळवे. लवूदादांच्या जोडीला होता, आतल्या गेटवर. जालन्याकडचा, ख्रिश्चन. गेल्या दिवाळीत त्याला इथून काढलं, आता गोवंडीला एका गोडाऊनवर असतो. जाताना देऊन गेला वाटतं दादांना."

वनमालेनं कप खाली ठेवून पान उघडलं. "आणि या रेघा?"

भाऊरावनं पान बघितलं. "त्याच्याच असणार. त्याच्या हातात सदा पेन्सिल असायची. ट्रकचे नंबर उतरवायला ठेवायचा, आणि मग बसल्या बसल्या यात काहीतरी करत राहायचा."

चहा गार झाला. पाच महिने. एका परक्या माणसाचं दुःख ती नवऱ्याचं म्हणून उराशी धरून बसली होती. त्याच्यावर रडली होती, त्यावरून मेलेल्या माणसाशी भांडली होती. फसवलं कोणीच नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. ओरडायचं तरी कोणावर?

भाऊरावनं कागदावर पत्ता लिहून दिला. पुढच्या रविवारी ती गोवंडीला गेली. देवनारच्या कचरा डेपोचा वास हवेत होता, गल्ल्या अरुंद, विचारत विचारत गोडाऊन सापडलं. शिवदास साळवे लोखंडी दारासमोर खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. साठीला आलेला, काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा. लवू गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ऐकल्यावर त्यानं शेंगा बाजूला ठेवल्या.

"मला कोणी कळवलं नाही, वहिनी," तो म्हणाला. "मी आलो असतो."

वनमालेनं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. "या रेघा तुमच्या?"

"माझ्या."

"आणि हे 'का' म्हणून लिहिलंय ते?"

"तेबी माझंच." त्यानं चष्मा काढून पुसला. "माझा मुलगा गेला एकोणऐंशीला. दहा वर्षांचा होता. त्या साली लिहिलंय ते."

यायच्या वाटेवर तिनं किती काय ठरवलं होतं! दुसऱ्याच्या हातात पुस्तक देताना नाव घालून द्यायची अक्कल नाही का, असं विचारायचं होतं.

"नाव घातलं होतं मी," शिवदास म्हणाला, जणू त्यानं ते ऐकलंच. "पहिल्या पानावर. ते पान लवूनं फाडलं. रजिस्टर संपलं होतं, ट्रक आला, नंबर लिहायला कागद नव्हता. मी चिडलो, तर म्हणतो, बाकी कोरं तर होतं."

हे मात्र लवूचंच होतं. अगदी शंभर टक्के. वनमालेला नकळत हसू फुटलं.

"ते वाचायचे का हो हे?"

"कोण, लवू?" शिवदासनं मान हलवली. "खोटं कशाला बोलू. त्याला मी दिलं, नको म्हणता आलं नाही म्हणून त्यानं ठेवलं. एकदा पहिल्यापासून सुरू केलं होतं त्यानं. नावांपाशी आला आणि म्हणाला, हे तर गिरणीचं मस्टर आहे. मग दुपारी उशाला घ्यायचा."

"म्हणजे मी त्यांच्यापुढे गेले," वनमाला म्हणाली. "मी शिरगणतीपर्यंत पोचले."

"अरे देवा! पहिल्या पानापासून?"

"मग कुठून? पोथी आणखी कुठून वाचतात?"

"पोथी नाही ही, वहिनी." शिवदास खाटेवर सरसावून बसला. "हे एक पुस्तकच नाही. सहासष्ट पुस्तकांचं गाठोडं आहे. कोणी राजाचा इतिहास लिहिलाय, कोणी गाणी, कोणी कायदा, कोणी पत्रं. तुम्ही गाठोडं सोडलंत आणि वरची पाच पुस्तकं एका दमात खायला बसलात. दात पडतील. आमच्याकडेपण जो तो असाच सुरू करतो आणि बोकडांपाशी मरतो."

"मग कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही वाचणाऱ्याला विचारलं का?"



त्यानं पुस्तक शेवटच्या भागाकडे उघडलं. "हा मार्क. सोळा अध्याय, सगळ्यांत छोटा. येशू काय बोलला, काय केलं, कसा मेला, सरळ सांगितलंय. पंधरा-सोळा दिवसांत होईल. मग हा लूक. मागे जायचं असेल तर रूथ वाचा, चारच अध्याय, सासू-सुनेची गोष्ट आहे, दोघी विधवा. रोज एक अध्याय बास. कळलं नाही ते सोडून पुढे जायचं, परत येता येतं. आणि पाटावर बसायची गरज नाही. मी तर ड्युटीवर वाचतो."

"मला हे वाचायचंच नव्हतं," वनमाला एकदम म्हणाली. "मला ते काय विचार करत होते ते पाहिजे होतं. त्यांचं यात काहीच नाही. एक फाडलेलं पान, तेवढं त्यांचं."

शिवदासनं खाटेवरची टरफलं झाडली. मग म्हणाला, "एक गोष्ट होती. मी वाचून दाखवायचो त्याला कधीमधी. बाकी ऐकता ऐकता झोपायचा. पण एका गोष्टीवरनं तीन दिवस भांडला माझ्याशी."

"कुठली?"

"द्राक्षाच्या मळ्याचा एक मालक असतो. सकाळी नाक्यावर जातो, मजूर ठरवतो, रोजाची मजुरी ठरते. दुपारी परत जातो, आणखी माणसं घेतो. दिवस मावळायला तासभर उरला तेव्हा परत जातो, तर काही जण अजून उभेच. म्हणतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी बोलावलंच नाही. त्यांनाही घेतो. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेल्यालाही तेवढीच, तासभर काम केलेल्यालाही तेवढीच."

"हा काय न्याय झाला?" वनमाला म्हणाली.

"हेच म्हणाला लवू. पहिल्या दिवशी म्हणाला, आमच्या युनियननं गेट बंद केलं असतं. दुसऱ्या दिवशी मला शिव्या दिल्या, तुझा देव मालकांच्या बाजूचा म्हणून. तिसऱ्या दिवशी डबा खाताना आपणहून बोलला. म्हणाला, शिवदास, जो संध्याकाळपर्यंत उभा होता, तो पण दमला असणार रे. काम केलेल्याचा घाम दिसतो. उभं राहिलेल्याचा कोणाला दिसत नाही. मी सहा वर्षं बदली होतो, मला विचार."

वनमाला उठली. पाणी पाहिजे म्हणाली. शिवदासनं माठातलं पाणी दिलं, ते तिनं उभ्यानंच प्यायलं.

लग्नानंतरची ती सहा वर्षं. लवू कायम झाला नव्हता. रोज पहाटे गिरणीच्या गेटवर बदली कार्ड घेऊन उभा राहायचा. कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी दिवसभराचं काम, नाहीतर परत घरी. परत आला की ती पाटा-वरवंट्यापाशीच असायची. एकदा, प्रेमा पोटात असताना, सलग चौथ्या दिवशी तो रिकामा परत आला तेव्हा ती म्हणाली होती, उभं राहायला काय लागतं? पायच तर दुखतात. त्यानं उत्तर दिलं नव्हतं. जेवायला बसला होता.

उत्तर दिलं ते सोळा वर्षांनी, मरोळच्या गेटवर, शिवदास साळव्याला.

"त्या गोष्टीवर रेघ का नाही मारलीत?" तिनं रागानंच विचारलं.

"ती माझी गोष्ट नव्हती," शिवदास म्हणाला. त्यानं पान काढून दाखवलं. मत्तयाचा विसावा अध्याय. मग पुस्तक मिटून तिच्याकडे सरकवलं. "न्या तुम्ही. माझ्याकडे दुसरं आहे."

घरी आली तर धोंडू आधीच येऊन बसला होता. चतुर्थी दहा दिवसांवर आली होती. तिनं चप्पल काढता काढताच सांगितलं, "नाय बदल्ल्यान. दुसऱ्याचा पुस्तक होता. उशाक घेई तुझो भाव."

धोंडूनं देवाला हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं. "बरा झाला. आता दी ता परत."

"नाय देवचंय."

"वयनी! आता कित्याक होया तुका ता? दादाचा नाय ता."

"म्हणानच," वनमाला म्हणाली. "आता ता माझा." आणि मग, तो अजून तोंडाकडे बघतोच आहे असं पाहून, "गणपतीक मी येतंय. आरती पण करतंय. माझ्या फळीर काय आसा ता गाववाल्यांका तू सांग नाय तर सांगा नको. आणि चाय ठेवतंय, घे आणि जा."

धोंडूनं चहा घेतला. पुस्तकाबद्दल परत बोलला नाही, पण बशी जरा आदळूनच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांना जायच्या आधी वनमाला ओट्याला टेकून उभी राहिली आणि मत्तयाचा विसावा अध्याय मोठ्यानं वाचला. प्रेमा केस विंचरत ऐकत होती.

"फालतू आहे," प्रेमा म्हणाली. "मग सकाळी लवकर उठायचं कशाला? सगळेच संध्याकाळी जातील."

"आणि कोणी बोलावलंच नाही तर?"

"तरी पण. ज्यानं दिवसभर काम केलं त्याचं काय, आई? त्याची तर वाटच लागली ना."

"मला पण तेच वाटतं," वनमाला म्हणाली. तिला अजूनही तो मालक पटला नव्हता. आणि लवूवरचा राग, तो तसाच होता. एवढं बोलता येत होतं माणसाला, आणि घरात मीठ कमी आहे एवढंच बोलायचा. पण ती त्या ओळींपाशी पुन्हा गेली, आम्हाला कोणी बोलावलंच नाही म्हणणाऱ्यांपाशी. आणि त्या परत मोठ्यानं वाचल्या.

"आई, उशीर होतोय तुला."

"थांब गं." तिनं बोट पुढे सरकवलं. त्याच पानावर पुढे एक बाई आली होती. आपल्या दोन मुलांना घेऊन आलेली, येशूच्या पाया पडून मागत होती, तुझं राज्य आलं की माझा एक मुलगा तुझ्या उजव्या हाताला बसव आणि एक डाव्या.

"ही बघ," वनमाला म्हणाली, "ही आली आता पोरांसाठी वशिला लावायला."

"कोण?" प्रेमानं कंगवा थांबवला. "मग? लागला का?"

"वाचते ना. ऐक."